टवकारलेला कान

ही कविता डोळ्यांनी वाचायची नाही. तिन्हीसांजेला, दिवा लावायच्या आधी, मोठ्याने म्हणायची. जर्मन येत नसेल तर कुणाकडून तरी म्हणवून घ्यायची आणि अर्थ मागाहून विचारायचा. कारण तिच्यात जे घडतं ते आधी कानाला कळतं, अर्थ धापा टाकत मागून येतो. ‘डेर क्नाबे इम मोअर’ हे तिचं नाव, म्हणजे ‘दलदलीतला मुलगा’. आठ-आठ ओळींची सहा कडवी. गोष्ट एवढीच, की एक पोरगा आपली अंकलिपी घट्ट धरून दलदलीतून घराकडे पळतो आहे. वाटेत त्याला भुतं ऐकू येतात. मग पायाखालची जमीन टणक होते.

‘ऐकू येतात’ हा शब्द मी जपून वापरला आहे. ‘दिसतात’ म्हणाले असते तर सगळी कविताच हातची गेली असती.

कवयित्री आनेट फॉन ड्रोस्टे-ह्युल्सहोफ. जन्म 1797, म्युन्स्टर शहराजवळच्या ह्युल्सहोफ गढीत. मृत्यू 1848, बोडनझे सरोवराकाठच्या मेर्सबुर्गला. 1992 पासून युरो येईपर्यंत जर्मनीच्या 20 मार्कांच्या नोटेवर तिचा चेहरा होता, मागच्या बाजूला लेखणी आणि बीचचं झाड. ते झाड तिच्या ‘युडनबुखे’ या प्रसिद्ध कथेतलं. म्हणजे नोटेवर मान मिळाला तो कवयित्रीला आणि कथालेखिकेला. ती गाणी रचत होती, ऑपेराचे आराखडे लिहीत होती, म्हाताऱ्यांच्या तोंडच्या गोष्टी आणि गाण्यांच्या चाली उतरवून घेत होती, हे चरित्रात एखाद्या परिच्छेदात उरकतात. मला मात्र वाटतं, हे दोन उद्योग बाजूला ठेवले तर ‘दलदलीतला मुलगा’ समजतच नाही. ती कविता एका संगीतकार बाईने लिहिली आहे, आणि लोककथा कशी जगते हे जवळून पाहिलेल्या बाईने लिहिली आहे.

पहिलं कडवं बघा. मुलगा अजून आलेलाच नाही, नुसती दलदल आहे. माळ जाळल्याचा धूर पसरलेला. शेतकरी दलदलीचा वरचा थर पेटवून जमीन तयार करायचे, त्याचा तो धूर. त्याला तिकडे खास शब्दच आहे. धुक्याच्या आकृत्या गरगरतात. एक वेल आकडी घालावी तशी झुडपात अडकते. पाऊल टाकलं की पायाखालून पाणी उसळतं. भेगेतून काहीतरी फिसकारतं, गातं. श्वासासरशी बोरूचं बेट कुरकुरतं. जर्मनमध्ये इथे ‘त्सिश्ट’, ‘झिंग्ट’, ‘क्निस्टर्ट’ असे शब्द येतात. मी ही कविता प्रथम ऐकली तेव्हा मला जर्मन जेमतेम येत होतं, पण हे शब्द कोश न उघडता कळले. सळसळ, खुसखुस, बुडबुड, चुरचुर असल्या शब्दांवर वाढलेल्या मराठी कानाला ते परके वाटतच नाहीत. या भाषेशी माझी खरी ओळख व्याकरणातून झाली नाही, त्या बोरूच्या कुरकुरीतून झाली.

त्या वेलीच्या आकडीवर मी नेहमी थांबते. आनेटला दूरचं फार अंधुक दिसे. जवळचं मात्र अगदी बारीक दिसे. हातोडी घेऊन ती खाणींत, दगडांत हिंडायची, जीवाश्म गोळा करायची. तिच्या कवितांत क्षितिज क्वचित येतं, मुंगीच्या पायाएवढ्या गोष्टी सारख्या येतात. जे हाताच्या अंतरावर आहे ते डोळ्यांनी आणि जे दूर आहे ते कानांनी, अशी तिच्या इंद्रियांची वाटणी होती. या कवितेत मुलाचीही तीच आहे. तिसऱ्या कडव्यात ती सरळ सांगते की तो पळतो आहे आणि त्याचा कान ताणलेला आहे. डोळ्यांबद्दल काही नाही. डोळ्यांचा उल्लेख येतो तो थेट शेवटी, धोका टळल्यावर.

हा कान तयार कुठे झाला? तिच्या आजोळी. पाडरबोर्नकडच्या ब्योकनडोर्फ गावातला ब्योकरहोफ हा हाक्सटहाउझेन घराण्याचा वाडा. तिचे सावत्र मामा वेर्नर आणि आउगुस्ट यांना लोककथा-लोकगीतांचं वेड. आउगुस्ट तर तिच्याहून जेमतेम पाच वर्षांनी मोठा. ग्रिम बंधूंचा आणि या घराचा घरोबा होता. ‘मुलांच्या आणि घरच्या गोष्टी’ या त्यांच्या संग्रहाचा दुसरा भाग 1815 मध्ये निघाला, त्यातल्या पुष्कळ गोष्टी या घरातून गेलेल्या. आपण ग्रिमच्या गोष्टी म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे दोन पंडित येतात. खरं तर त्यामागे वेस्टफालियाच्या माजघरांतल्या मुली आणि बायका आहेत.

1813 च्या उन्हाळ्यात विल्हेल्म ग्रिम तिथे आला, तेव्हा आनेट सोळा वर्षांची होती. बरोबर थोरली बहीण जेनी. भावाला पाठवलेल्या पत्रात विल्हेल्म म्हणतो, की म्युन्स्टरकडच्या मुलींना सर्वांत जास्त गोष्टी येतात, त्यातही धाकटीला. पण ही धाकटी पुढे पुढे करणारी, तिच्याशी जमवून घेणं कठीण. आणखी येतील तेवढ्या लिहून पाठवते असं तिने वचन दिलं, आणि ते ती पाळेल याची हमी मवाळ स्वभावाच्या जेनीने घेतली. सहा महिन्यांनी आनेटच्या मावशीला लिहिलेल्या पत्रात त्याने एक स्वप्न सांगितलं: आनेट ज्वालेसारख्या जांभळ्या पोशाखात आली, डोक्यावरचा एकेक केस उपटून तिने त्याच्या दिशेने फेकला, आणि त्यांचे बाण झाले. डोळेच जायचे, असं त्याला वाटलं.

भावाला लिहिलेलं ते पत्र मी अनेकदा वाचलं आहे आणि दर वेळी त्या सोळा वर्षांच्या मुलीची बाजू घ्यावीशी वाटते. सर्वांत जास्त गोष्टी येतात हे एका वाक्यात, आणि लगेच पुढच्यात तिचा स्वभाव चांगला नाही. संग्राहकाला गोष्ट हवी असते, पण सांगणाऱ्याने बाजूला व्हावं असंही वाटतं. आनेट बाजूला होणाऱ्यांतली नव्हती. ती गोष्ट सांगायला बसली की घरचे लोक घाबरून एकमेकांना बिलगायचे. तिच्या लेखी गोष्ट म्हणजे तिचा आवाज, थांबा, श्वास, अंधार हे सगळं मिळून होतं. ग्रिमांचा कागद तेवढं सामावून घेऊ शकत नव्हता.

जेनीने दिलेली एक गोष्ट मात्र कागदावर नीट उतरली आणि जगभर गेली. बारा राजकन्यांची. रोज रात्री बंद खोलीतून त्या नाहीशा होतात आणि सकाळी त्यांचे जोडे झिजलेले सापडतात. अदृश्य होणारा झगा घालून एक शिपाई त्यांच्या मागे जातो. चांदीच्या, सोन्याच्या, हिऱ्यांच्या पानांच्या झाडांची फांदी मोडून घेतो. फांदी मोडल्याचा आवाज होतो आणि सगळ्यांत धाकटी दचकते, काहीतरी विपरीत आहे म्हणते. थोरली तिला उडवून लावते. तीन वेळा फांदी मोडते, तीन वेळा धाकटीच दचकते. गोष्ट आनेटपेक्षा जुनी आहे, तिच्यावर बेतलेली नाही, हे मला माहीत आहे. तरीही ‘काहीतरी वाजलं’ म्हणणारी ती धाकटी वाचताना मला ब्योकरहोफच्या दिवाणखान्यात बसलेली आनेटच दिसते.

कवितेकडे येऊ. दुसऱ्या कडव्यापासून तिची खरी रचना उलगडते, आणि ती संगीतकाराची रचना आहे.

आधी एक आवाज येतो. मग मुलगा त्या आवाजाला नाव देतो. कुंपणापाशी काहीतरी सळसळतं: हा पीट कापणारा गडी. पीट म्हणजे दलदलीतली कुजून दबलेली माती, वाळवून सरपणासारखी जाळायची. मालकाचं चांगलं चांगलं पीट विकून या गड्याने दारू प्यायली होती. बोरूमध्ये झिरपल्यासारखं, चुरगाळल्यासारखं वाजतं: ही शापित लेनोर, सूत गुंडाळायचं चाक फिरवत बसलेली. तळपायाखाली शीळ वाजते: हा फिडलवाला क्नाउफ, ज्याने लग्नघरचा पैसा चोरला. कवयित्री एकही भूत दाखवत नाही. सळसळ खरी आहे, झिरपणं खरं आहे, पाऊल रुतलं की चिखलातून सुटणाऱ्या हवेची शीळ खरी आहे. नावं तेवढी मुलाने आणली आहेत, आणि ती त्या अंकलिपीतली नाहीत. ती त्याने चुलीपाशी ऐकलेली आहेत. छातीशी छापील पुस्तक आणि डोक्यात आजीची गोष्ट. दलदलीत पुस्तकाचा उपयोग फक्त घट्ट धरायला होतो.

लोककथा म्हणजे वहीत उतरलेला मजकूर, असं समजून चालणाऱ्या अभ्यासकांना या तीन कडव्यांत केवढं तरी शिकण्यासारखं आहे. गोष्ट जिथे सांगितली जाते तिथे ती संपत नाही. ती मुलाबरोबर घराबाहेर पडते आणि भलत्या वेळी, भलत्या जागी, एखाद्या आवाजाला चिकटते. भुतांचे गुन्हेही पाहा. राजकन्या पळवली नाही, खून पाडला नाही. मालकाचं पीट, लग्नातला पैसा. जिथे सरपण, सूत आणि सणासुदीची नाणी मोजून वापरावी लागतात, तिथली ही पापं आहेत. गाव आपले कायदे असे भुतांच्या स्वाधीन करून ठेवतं.

आता ‘ही अमकी, हा तमका’ हे बोट दाखवणं मोजा. पीटवाल्याच्या कडव्यात ते एकदा येतं. लेनोरच्या कडव्यात दोनदा, क्नाउफच्या कडव्यातही दोनदा. भीती वाढते तसं मुलाचं नाव घेणं वाढतं, जणू नाव घेतलं की ते त्या नावात कोंडलं जाईल. पाचव्या कडव्यात दलदल फाटते, आतून एक उसासा येतो, आणि नाव घेण्याची ती लकबच गायब होते. कारण आता मार्ग्रेट हे चौथं भूत स्वतः हाक मारतं, माझा बिचारा जीव म्हणून. चौघांत ती एकटीच बोलते, आणि तिने काय केलं होतं ते सांगितलेलंच नाही. इथवर आवाज निसर्गाचा होता आणि अर्थ मुलाचा; आता आवाज आणि अर्थ दोन्ही पलीकडून आले. एवढा मोठा फरक कवयित्रीने एक छोटी लकब गाळून साधला आहे. चाल बांधणाऱ्याला ठाऊक असतं, ठेक्यावर कान बसला की ठेका सोडायचा.

आणि ती खरोखर चाली बांधत होती. तिच्या वडिलांना संगीताचा नाद होता, ते व्हायोलिन वाजवायचे. काका माक्सिमिलिआन स्वतः संगीतकार. 1821 मध्ये त्यांनी स्वर-संगती आणि रचनेवरची आपली हस्तलिखित पुस्तिका पुतणीला दिली. तिची सत्तरेक गाणी उरली आहेत, गटेच्या कवितांच्या चालींसह. ऑपेरे तिने तीन-चार हाती घेतले, एकही पुरा केला नाही. ‘बाबिलोन’, ‘निळा देवदूत’, आणि म्युन्स्टरमध्ये 1534-35 साली बंड करून शहर ताब्यात घेणाऱ्या पंथावरचा एक. त्या बंडाच्या म्होरक्यांची प्रेतं ज्या लोखंडी पिंजऱ्यांत टांगली ते पिंजरे आजही तिथल्या लाम्बेर्टी चर्चच्या मनोऱ्यावर आहेत. बहीण जेनी 1834 मध्ये योझेफ फॉन लासबेर्गची बायको झाली. हा जुन्या पोथ्यांचा नादिष्ट सरदार. ‘निबेलुंगनलीड’ या मध्ययुगीन जर्मन महाकाव्याचं एक हस्तलिखित त्याच्याकडे होतं. त्याच्यासाठी आनेटने पंधराव्या शतकातल्या लोखामर गीतसंग्रहाला पियानोची साथ लिहिली. मामाच्या संग्रहासाठी लोकगीतांच्या चाली उतरवल्या, कवी लुडविग उलांटच्या संग्रहालाही गाणी दिली. शब्द पुष्कळजण टिपून घेत होते, स्वर टिपणारे थोडे होते.

तिची गाणी साधी आहेत, आणि मला त्यांचा साधेपणा आवडतो. ती संगीतकार शूबर्टच्याच साली, त्याच महिन्यात जन्मली. पण शूबर्टचा पियानो कवितेला सगळीकडून वेढून टाकतो, हिचा बाजूला उभा राहतो. एका कडव्याची चाल, पुढची कडवी त्याच चालीत: खेड्यातलं गाणं असंच चालतं. काहींना यात कसब कमी दिसतं. मला दिसतं की शब्द म्हणणाऱ्याचा गळा झाकायचा नाही, अशी तिने शिस्त पाळली आहे. हयातभर ती खानदानी घरची अविवाहित मुलगी राहिली. पहिला कवितासंग्रह 1838 मध्ये अर्धवट नावाने निघाला आणि त्याच्या 74 प्रती खपल्या. गाणी तर तिच्या मृत्यूनंतर, 1877 मध्ये, म्युन्स्टरचे अंध प्राध्यापक मित्र श्ल्युटर यांनी छापली. 1845 मध्ये क्लारा शूमानने आपल्या संगीतकार नवऱ्याच्या, रोबेर्टच्या, ऑपेरासाठी संहिता मागितली होती. आनेटने नाही म्हटलं. ते घडलं असतं तर, असा विचार मनात येतो खरा.

पण जी चाल तिला कागदावर बांधून पुरी करता आली नाही ती या कवितेत आहे, असं मी मानते. आठ ओळींच्या कडव्यात पहिल्या चार ओळींची यमकं एक आड एक येतात, मग दोन ओळी आपसांत जुळतात, आणि शेवटच्या दोन ओळी पहिल्या यमकांकडे परततात. सहाही कडवी तशीच. धावणारा मुलगा कितीही धावला तरी कडवं त्याला फिरवून जिथून निघाला तिथेच आणून सोडतं. दलदलीत वाट चुकलेल्याचं नेमकं असंच होतं. आपल्याकडे त्याला चकवा म्हणतात. पहिल्या कडव्यात तर सातवी ओळ म्हणजे पहिलीच ओळ पुन्हा, ध्रुपदासारखी.

क्नाउफच्या कडव्यात ‘मेलोडाय’ हा शब्द येतो. सगळ्या कवितेत चालीचा थेट उच्चार एवढा एकच, आणि तो पायाखालून वाजणाऱ्या भुताटकी शिळेसाठी. जो वाजवणारा आहे तोच चोर, बेइमान. रात्रीचा पियानो वाजवत बसणारी ही बाई, ऑपेरे अर्धे टाकणारी, कलेच्या बाबतीत स्वतःशी इतकी कठोर असलेली, तिने गवयाला भूत करावं याने मला अस्वस्थ वाटतं.

लेनोरच्या चाकाचा आवाज तिला कुठून मिळाला असेल, याबद्दल मला एक घर आठवतं. वडील 1826 मध्ये वारले आणि आनेट आई व जेनीबरोबर र्‍यूशहाउसला राहायला गेली. वास्तुकार श्लाउनने 1745 ते 49 दरम्यान बांधलेलं हे घर दोन तोंडांचं आहे: मागून सरदाराची बागेवाली हवेली, पुढून वेस्टफालियन शेतकऱ्याचं खळं नि गोठा. एकाच छपराखाली. तिच्या बुटक्या छताच्या खोलीला ती गोगलगाईचं घर म्हणायची. इथेच तिने आपल्या दूधआईला, मारिआ काटारीना प्लेटेनडोर्फला, म्हातारपणी आणून ठेवलं. आनेट वेळेआधी जन्मली, वाचेल अशी आशा नव्हती. या विणकराच्या बायकोने तिला वाचवलं. 1845 मध्ये ती वारली तोवर आनेटने तिची देखभाल केली. सूत, चाक, बोरूची चुरचुर. विणकराच्या घरातल्या बाईच्या मांडीवर ज्या मुलीची पहिली वर्षं गेली, तिच्या कवितेत दलदलीतलं भूत सूत गुंडाळत बसतं.

आणखी एक गोष्ट. ही कविता दलदलीजवळ लिहिलेलीच नाही. 1841-42 चा हिवाळा आनेटने दक्षिणेला, मेर्सबुर्गच्या जुन्या किल्ल्यात जेनी आणि लासबेर्गकडे काढला. खिडकीतून सरोवर आणि पलीकडे आल्प्स. तरुण मित्र लेविन श्युकिंगशी पैज लावून ती झपाट्याने कविता लिहीत होती, आणि पैज जिंकली. बर्फाच्छादित शिखरं समोर असताना तिने लिहिलं ते शेकडो मैल उत्तरेकडच्या धुराबद्दल आणि चिखलाबद्दल. डोळ्यांपुढे जे होतं ते तिला नको होतं. कानात उरलेलं हवं होतं. 1844 मध्ये प्रकाशक कोटाने तिचा मोठा संग्रह काढला. त्याच्या मानधनाच्या भरवशावर आदल्याच साली लिलावात तिने मेर्सबुर्गच्या द्राक्षमळ्यांतलं एक छोटं घर विकत घेतलं होतं. स्वतःच्या शब्दांनी कमावलेलं घर. ते आजही आहे. चार-साडेचार वर्षांनी ती त्याच गावात, किल्ल्यात, वारली.

राहिलं शेवटचं कडवं. पाचव्याच्या अखेरीला एक थंड कल्पना येऊन गेलेली आहे: राखणदार देवदूत जवळ नसता, तर कधीतरी एखाद्या पीट कापणाऱ्याला या मुलाची पांढरी हाडं सापडली असती. पहिलं भूत पीटवालाच होतं. वर्तुळ मिटता मिटता राहिलं. आता जमीन हळूहळू टणक होते, विलोच्या झाडाशेजारी घरचा दिवा मिणमिणतो. पहिल्या कडव्यात ‘भयाण आहे’ असं म्हणणारी ओळ इथे ‘भयाण होतं’ होऊन परतते. एवढ्या काळाच्या बदलात मुलगा सुटला. पण सुटला म्हणून कवयित्री त्याला घरात नेत नाही. आई दार उघडत नाही, कुणी जवळ घेत नाही. तो बांधावर उभा आहे, खोल श्वास घेतो, आणि वळून दलदलीकडेच बघतो. डोळे वापरतो ते आत्ता, पहिल्यांदा.

आणि इथे तिने एक यमक ठेवलं आहे. दिव्याच्या मिणमिणण्याला विशेषण आहे ‘हाइमाटलिश’, घरच्यासारखं, आपलंसं. चार ओळींनंतर मुलगा दलदलीबद्दल म्हणतो ‘फ्युर्श्टरलिश’, भयंकर. कडव्याच्या रचनेमुळे हे दोन शब्द एकमेकांशी जुळावेच लागतात. मोठ्याने म्हणताना दुसऱ्या शब्दावर पोचलं की पहिला अजून कानात वाजत असतो.